छोट्या गावातले घर आणि पाचवी बोली

प्रश्न थोडक्यात असा आहे. महानगरातली भाड्याची जागा सोडून गाडीने ५० मिनिटांच्या अंतरावरच्या एका छोट्या गावी कायमचे राहायला जाण्याचे एका दांपत्याने ठरवले आहे. गेल्या आठ महिन्यांत त्यांनी चार घरांवर बोली लावली आणि चारही घरे दुसऱ्यांना गेली. आता पाचवे घर विक्रीला आले आहे आणि पाच दिवसांनी बंद पाकिटातून बोली द्यायची आहे. त्यांचा एजंट सांगतो, की तपासणीची अट (तज्ज्ञाने घर तपासल्यावर मोठा दोष निघाला तर माघार घेण्याची मुभा) काढून टाका आणि मागितलेल्या किमतीपेक्षा १२ टक्के जास्त लिहा. आपले नेमके काय चुकते आणि या पाकिटात काय लिहावे, असे त्यांनी विचारले आहे. घरांचे मूल्यांकन करणे हाच माझा गेल्या बावीस वर्षांचा व्यवसाय आहे आणि त्यातला मोठा भाग अशाच छोट्या गावांमध्ये गेला आहे. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

चार वेळा हरणे ही तुमची चूक आहे असे मला वाटत नाही. प्रत्येक घरासाठी साधारण सारख्या ऐपतीचे पाच खरेदीदार असतील, तर एका घराबाबत तुम्ही हरण्याची शक्यता ८० टक्के असते आणि सलग चार घरे हुकण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के. म्हणजे सगळे काही बिनचूक करणाऱ्या दहा कुटुंबांपैकी चार आज तुमच्याच जागी असतील. मात्र तुमच्या पत्रातली दुसरी एक गोष्ट मला खटकली. समजा त्या गावात २,००० घरे आहेत आणि घराचा मालक सरासरी २० वर्षांनी बदलतो, तर वर्षाला १०० घरे विकली जातात. तुम्हाला हवा तो आकार, परवडणारी किंमत आणि नको असलेला भाग या चाळणीतून दहातले एक उरते असे धरले, तर वर्षाला दहा, म्हणजे आठ महिन्यांत सहा-सात घरे तुमच्यासमोर येतील. त्यांतल्या चारांवर तुम्ही बोली लावली. समोर आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक घरे एखाद्याला मनापासून आवडतात, असे माझ्या पाहण्यात नाही. दोन घरे हुकल्यानंतर तुमची चाळणी सैल झाली असावी आणि पाचव्या घराकडे तुम्ही दमलेल्या नजरेने पाहत असावात, अशी मला शंका आहे.

छोट्या गावातल्या खरेदीबाबत एक गोष्ट लोकांच्या लक्षात उशिरा येते. घर घेताना बाजार शहरासारखा धावतो आणि विकताना गावासारखा चालतो. शहरातून येणाऱ्या चार-पाच कुटुंबांनी एकाच हंगामात एकाच प्रकारची घरे मागितली, की किंमत चढायला वेळ लागत नाही, कारण विक्रीला असलेली घरे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. पण गावात रोजगार देणारा एखादा मोठा कारखाना बंद पडला किंवा घरून काम करण्याची सवलत कंपन्यांनी काढून घेतली, तर तीच चार-पाच कुटुंबे यायची थांबतात आणि मग घराला गिऱ्हाईकच उरत नाही. किंमत मात्र लगेच उतरत नाही, कारण विकणारा आपल्या खरेदीच्या आकड्याला चिकटून राहतो. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थतज्ज्ञांनी १९९० च्या दशकातल्या बॉस्टनमधल्या सदनिकांच्या विक्रीचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध केला. तोट्यात जाणारे मालक, मूळ खरेदी आणि आजची अपेक्षित किंमत यांतल्या फरकाच्या २५ ते ३५ टक्क्यांइतकी रक्कम वाढवून मागत होते आणि त्यामुळे त्यांची घरे जास्त काळ पडून राहत होती, असे त्यात दिसून आले. बॉस्टनसारख्या मोठ्या शहरात ही स्थिती असेल, तर जिथे महिन्याला एखादाच चौकशीचा फोन येतो तिथे काय होत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. म्हणून खरेदीची कमाल किंमत ठरवताना मी नेहमी उलट्या बाजूने सुरुवात करायला सांगतो: तीन वर्षांनी नाइलाजाने हे घर विकावे लागले आणि एकही शहरी खरेदीदार आला नाही, तर गावातलाच माणूस याचे किती देईल?

हे विचारण्याला आणखी एक कारण आहे. ९ टक्के व्याजाच्या, २० वर्षे मुदतीच्या कर्जात पहिल्या तीन वर्षांचे सगळे हप्ते वेळेवर भरल्यानंतरही मुद्दलाचा जेमतेम ६ टक्के भाग फिटलेला असतो. बाकीचे पैसे व्याजात जातात. खरेदीच्या वेळचे कर, शुल्क आणि विक्रीच्या वेळचे एजंटचे कमिशन यांत तो ६ टक्के भाग बहुतेक ठिकाणी सहज विरून जातो.

आता तुमच्या एजंटच्या १२ टक्क्यांबद्दल. मागितलेली किंमत १०० धरू. तुम्ही ११२ लिहून जिंकलात आणि बँकेच्या मूल्यांककाने घराची किंमत १०० ठरवली, तर बँक व्यवहाराची किंमत आणि मूल्यांकन यांतल्या लहान आकड्यावर कर्ज देते. ८० टक्के कर्ज मंजूर असेल, तर हातात ८० येतील आणि स्वतःचे ३२ घालावे लागतील. मूल्यांकनही ११२ आले असते तर साडेबावीसच्या आसपास पुरले असते. म्हणजे वरचे सगळे १२ तुमच्या बचतीतून जातात आणि हीच ती बचत असते, जी पहिल्या पावसाळ्यात छप्पर गळू लागल्यावर लागते. छोट्या गावात हा फरक शहरापेक्षा अधिक वेळा पडतो. मूल्यांकन करताना आम्ही जवळपासच्या, अलीकडे विकल्या गेलेल्या, तशाच घरांचे आकडे घेतो. शहरात असे सहा व्यवहार एकाच रस्त्यावर सापडतात. गावात दीड वर्षापूर्वीचे दोन सापडतात आणि त्यांतले एक घर काका-पुतण्यात विकलेले असते. आधार इतका तोकडा असताना कोणताही जबाबदार मूल्यांकक आकडा हात राखूनच लिहितो. मीही लिहितो आणि त्यामुळे अनेकांचे शिव्याशाप खाल्ले आहेत.

बंद पाकिटाचा स्वभावही समजून घ्यायला हवा. १९७१ साली कॅपेन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तेल उद्योगातल्या तीन अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांविषयी एक निरीक्षण मांडले: खाली किती तेल आहे हे कुणालाच पक्के ठाऊक नसते, प्रत्येकजण अंदाज करतो आणि ज्याचा अंदाज सगळ्यांत फुगलेला, तोच जिंकतो. ‘विजेत्याचा शाप’ या नावाने ही कल्पना पुढे अर्थशास्त्रात रुजली. घर म्हणजे काही तेलाची विहीर नव्हे. एखाद्याला अंगणातले झाड आवडते आणि त्यासाठी तो समजून-उमजून जास्त देतो, त्यात शाप कसला? पण पायाची अवस्था, छपराचे उरलेले आयुष्य, दहा वर्षांनी गावाची असणारी स्थिती या गोष्टी सगळ्या खरेदीदारांना सारख्याच लागू असतात आणि सगळ्यांना सारख्याच अंधूक दिसतात. तिथे हा शाप पुरेपूर बाधतो. म्हणून बोली लावणारे जितके जास्त, तितका स्वतःच्या अंदाजाबद्दलचा संशय वाढला पाहिजे. प्रत्यक्षात नेमके उलटे होते. बारा जणांनी घर पाहिले असे कानावर आले, की घर चांगलेच असणार अशी लोकांची खात्री पटते.

सगळीकडे बोली बंद पाकिटातच असते असे नाही. स्कॉटलंडमध्ये ठरलेल्या दिवशी बंद बोली घेण्याची पद्धत जुनी आहे, पण १ डिसेंबर २००८ पासून तिथे विकणाऱ्यानेच घराचा पाहणी अहवाल आधी तयार करून द्यावा लागतो, त्यामुळे निदान सगळे एकाच माहितीवर बोली लावतात. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १ डिसेंबर २०२३ पासून विकणाऱ्याची तयारी असेल तर बोलींचा तपशील इतर खरेदीदारांना दाखवता येतो. तुमच्या गावात असे काही चालते का, हे एजंटला स्पष्ट विचारा. विचारल्याने काही बिघडत नाही.

तपासणीची अट काढण्याच्या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. काही वर्षांपूर्वी एका जोडप्याने मला घर घेऊन झाल्यावर बोलावले. स्वयंपाकघर नुकतेच नव्याने केलेले, भिंती पांढऱ्याशुभ्र. मी आत शिरलो आणि मधल्या खोलीचे दार लावून पाहिले. ते अलगद लागले, पण दाराची वरची कड रंधा मारून तिरपी केलेली होती. एका टोकाला बोटभर लाकूड कमी होते. चौकट वाकडी झाल्याशिवाय दार असे कुणी रंधत नाही. बाहेर जाऊन त्याच भिंतीच्या मागे वेल बाजूला केला, तर विटांच्या सांध्यांमधून पायऱ्यांसारखी चढत गेलेली भेग होती. खाली पेन्सिल जाईल एवढी, वर अंगठा जाईल एवढी. त्या कोपऱ्यातला पाया खचत होता. घर हुकू नये म्हणून त्यांनी तपासणी सोडून दिली होती. दुरुस्तीचा अंदाज ऐकल्यावर दोघे बराच वेळ त्या नव्या स्वयंपाकघरात काही न बोलता उभे राहिले.

प्रत्येक भेग अशी नसते, हेही सांगितले पाहिजे. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटच्या वर्गवारीत ५ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा साधारणपणे दिसण्यापुरत्या मानल्या जातात, ५ ते १५ मिलिमीटरच्या मध्यम नुकसानीत आणि त्यापुढच्या गंभीर नुकसानीत मोडतात. मी रुंदीइतकेच महत्त्व भेग वाढते आहे का याला देतो. कडा धारदार आणि आतून स्वच्छ असतील तर ती ताजी असते, आत धूळ, जाळी आणि जुना रंग असेल तर तिचे वय झालेले असते. ओलीचेही तसेच. मागच्या खोलीतली एकच भिंत नव्याने रंगवलेली असेल, तर त्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला जाऊन पन्हळ आणि पाण्याचा पाइप पाहावा. पुष्कळदा फुटलेला पाइप आणि भिंतीकडे उतरणारी जमीन एवढेच कारण निघते आणि किरकोळ खर्चात काम भागते. तपासणी केवळ घर नाकारण्यासाठी असते हा गैरसमज आहे. भिऊन सोडून दिले असते असे घर तपासणीमुळे निर्धास्तपणे घेतल्याचीही उदाहरणे माझ्याकडे आहेत.

गावातल्या घरांना शहरी खरेदीदाराच्या ध्यानीमनी नसलेली काही अंगे असतात. सांडपाण्याची सार्वजनिक वाहिनी नसेल, तर सेप्टिक टँक आणि शोषखड्डा तपासलाच पाहिजे. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था अशा टाकीची पाहणी किमान दर तीन वर्षांनी आणि उपसा साधारण तीन ते पाच वर्षांनी करायला सांगते. शेवटचा उपसा कधी झाला, हे विकणाऱ्याला सांगता आले नाही, तर ते उत्तरच पुरेसे बोलके असते. पाणी विहिरीचे किंवा बोअरचे असेल तर जंतू आणि नायट्रेट यांची चाचणी करून घ्यावी; पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे आणि आजूबाजूला खतांचा मारा होणारी शेती असेल तर ती ओलांडली जाऊ शकते. पुराच्या नकाशावर घर ‘शंभर वर्षांच्या पुराच्या’ रेषेत येत असेल, तर शंभर वर्षांतून एकदाच पाणी येईल असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी १ टक्का शक्यता, म्हणजे ३० वर्षांच्या वास्तव्यात सुमारे २६ टक्के. वाटेचा हक्क, शेजाऱ्याच्या कुंपणाखाली गेलेली जमीन, जुना बोजा यांसाठी वकील लागतोच. त्याबद्दल अधिक काही सांगायची गरज नाही.

बोली स्वीकारली गेल्यानंतर माघार घेता येते का, याची उत्तरे देशोदेशी इतकी वेगळी आहेत, की परक्याचा अनुभव प्रमाण मानून चालणे धोक्याचे आहे. इंग्लंडमध्ये करारांची देवघेव होईपर्यंत दोन्ही बाजूंना माघार घेता येते आणि त्यामुळे ठरलेला व्यवहार जास्त पैसे देणाऱ्याकडे वळण्याचे प्रकार तिथे घडतात. फ्रान्समध्ये घर घेणाऱ्याला प्राथमिक करारानंतर माघार घेण्यासाठी दहा दिवसांचा विचारकाळ मिळतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात ३ जानेवारी २०२३ पासून तीन कामकाजी दिवसांत किमतीच्या ०.२५ टक्के भरून बाहेर पडता येते. नॉर्वेमध्ये मात्र विकणाऱ्यापर्यंत पोहोचलेली बोली मुदत संपेपर्यंत बंधनकारक असते आणि ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स किंवा व्हिक्टोरियात लिलावात घेतलेल्या घराला विचारकाळ मिळत नाही. तुमच्याकडचा नियम काय आहे, ते वकिलाकडून पाकीट देण्याआधी समजून घ्या.

मग किंमत फारशी न वाढवता बोली भक्कम कशी करायची? विकणाऱ्याला पैशांइतकीच चिंता व्यवहार अर्ध्यावर मोडण्याची असते. म्हणून तपासणीची अट बोलीतून काढण्याऐवजी तपासणीच बोलीच्या आधी उरकावी. पाच दिवस त्याला पुरतात. घर हुकले तर त्या फीचे पैसे गेले हे खरे, परंतु १२ टक्क्यांच्या तुलनेत ती फी नगण्य आहे. कर्जाचे नुसते तोंडी आश्वासन न देता कागदपत्रे तपासून झालेल्या मंजुरीचे पत्र जोडावे. इसाराची रक्कम थोडी वाढवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ताब्याची तारीख विकणाऱ्याला विचारून त्याच्या सोयीची लिहावी. गावात घर विकणारा माणूस पुष्कळदा वयस्कर असतो, चाळीस वर्षांचा संसार आवरायचा असतो आणि ‘विक्रीनंतर दोन महिने तुम्ही इथेच राहा’ हे एक वाक्य काही टक्क्यांच्या फरकावर मात करताना मी पाहिले आहे. स्वतःच्या कुटुंबाचे फोटो लावून भावुक पत्र लिहिण्याचा सल्ला मात्र मी देत नाही. अशा पत्रांतून वंश, धर्म, कौटुंबिक स्थिती उघड होते आणि भेदभावाला वाव मिळतो, या कारणाने अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२१ साली त्यांच्यावर बंदी आणणारा कायदा केला होता. पुढच्याच वर्षी न्यायालयाने त्याची अंमलबजावणी रोखली. विकणाऱ्याला तुमच्याविषयी कळायचे ते छोट्या गावात पत्रावाचूनही कळतेच, आणि त्यात घर पाहायला आल्यावर तुम्ही शेजाऱ्यांशी कसे वागलात हेही येते.

रोजच्या जगण्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी एक हिशेब मांडतो. दोघांपैकी एकाने वर्षाला २२० दिवस ५० मिनिटे जायला आणि ५० मिनिटे यायला घालवली, तर ते सुमारे ३६७ तास होतात, म्हणजे आठ तासांचे जवळजवळ ४६ कामाचे दिवस. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काह्नमन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली टेक्ससमधल्या सुमारे ९०० नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाचा तपशील लिहून घेतला, तेव्हा सगळ्या कामांत सकाळी नोकरीवर जाण्याचा प्रवास सर्वांत नावडता ठरला होता. तुम्हाला तो आवडेलही. पण हे रविवारी सकाळी घर पाहायला जाऊन कळत नाही. एखाद्या आडवारी पहाटे निघून, कामाच्या वेळेला पोहोचून, संध्याकाळी परतल्यावर कळते. रात्री अपरात्री गाठता येईल असे रुग्णालय, इंटरनेटचा खरा वेग, शाळेतली पटसंख्या घटते आहे की वाढते आहे, या गोष्टीही तशाच प्रत्यक्ष पाहाव्या लागतात. त्या गावात भाड्याचे घर मिळत असेल, तर आधी सहा महिने तसे राहण्याचा पर्याय तुम्ही इतक्या सहज का सोडलात, हे मला समजलेले नाही. गावात राहणाऱ्या भाडेकरूला विक्रीला निघणारे घर एजंटच्या पाटीआधी कळते, हा त्याचा वेगळाच फायदा.

तरीही हे पाचवे घर दमलेल्या नव्हे, ताज्या नजरेने आवडले असेल, तर असे करा. उद्या तपासनीस ठरवा आणि तो घर पाहत असताना स्वतः हजर राहा. परवा गावातच राहणाऱ्या दोघा-तिघांना विचारा, की असे घर ते स्वतः कितीला घेतील. त्या आकड्यावर, या गावी किमान दहा वर्षे राहायचेच आहे याची जितकी खात्री असेल त्या मानाने, थोडी भर घाला. माझ्या मते ती ५-६ टक्क्यांपुढे जाऊ नये. मग मूल्यांकन कमी आले तर तफावत भरून दुरुस्तीसाठी किती उरेल, ते मांडून पाहा. येणारा आकडा गोल ठेवू नका, कारण बरेच लोक गोल आकड्यांवर थांबतात आणि बरोबरी झाली तर थोडक्या जास्तीच्या रकमेने निकाल लागू शकतो. तो आकडा दोघांनी मिळून एका कागदावर लिहा आणि खाली तारीख घाला. पाकिटे उघडल्यानंतर ‘तुम्ही अगदी जवळ आहात, थोडे आणखी वाढवता का’ असा एजंटचा फोन आला, तर तोच कागद त्याला वाचून दाखवा आणि फोन ठेवा.